बर्फ हटला, शेवाळ वर सरकलं

श्रोतेहो, नमस्कार. डाळिंब-द्राक्षाच्या बागायतदारांना 'सीवीड' हा शब्द काही नवा नाही. सांगोल्यात काय नि बार्शीत काय, कृषी सेवा केंद्रात समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली मिळतेच. तो माल तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा असतो, नाहीतर उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. आज मी बोलणार आहे ते त्याच्याही वरच्या, थेट ध्रुवाकडच्या शेवाळाबद्दल.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ७९ अंश उत्तरेला काँग्सफियॉर्ड नावाची खाडी आहे. आपलं तिथं काय काम, असं म्हणू नका. तिच्या काठी न्यू-ऑलेसुंड इथं २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे, आणि २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी त्या खाडीच्या पाण्यात 'इंडआर्क' ही वेधशाळा सोडली.

या खाडीत केल्प वाढतं. तपकिरी, चामड्यासारखं चिवट, लांबलचक पात्यांचं शेवाळ. त्याला माती लागत नाही. खडकाला घट्ट धरून ते उभं राहतं. पूर्वी हिवाळ्यात खाडी गोठायची, बर्फाचे तुकडे उथळ खडकांवर घासत जायचे आणि तिथलं सगळं खरवडून काढायचे. अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरू लागलं, २००६ नंतर बर्फ फारसा धरेनासा झाला, आणि ही खरवड थांबत आली. पाणबुड्यांनी तळावर चौकट ठेवून आतलं शेवाळ कापलं, वर आणून तोललं. १९९६-९८ मधली मापं आणि २०१२-१४ मधली मापं शेजारी ठेवली, तर अडीच मीटर खोलीवर शेवाळाचं वजन सुमारे आठपट झालेलं दिसलं.

आठपट ऐकून कुणालाही वाटेल, झालं की चांगलं! पण थोडं खाली उतरा. तिथं उलटा प्रकार आहे. हिमनद्या वितळतात तसा त्यांच्याबरोबर बारीक गाळ खाडीत येतो, पाणी गढूळ होतं आणि उजेड खोलवर पोचत नाही. त्यामुळे केल्पची खालची हद्द वर सरकली. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत तापमानापेक्षा उजेडाचा भाग मोठा आहे, आणि बातम्यांत नेमका तोच गळतो.

त्यातही एका जातीचं मला फार कौतुक आहे. लॅमिनारिया सॉलिडुंग्युला, अस्सल आर्क्टिकची रहिवासी. तिकडे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. आणि हिची नवी पाती फुटतात ती त्याच अंधारात! उन्हाळ्यात उजेड असतो, पण पाण्यातलं नत्र सूक्ष्म वनस्पतींनी संपवलेलं असतं. म्हणून ही बाई उन्हाळ्यात फक्त साखर साठवते, आपल्याकडे ज्वारी पेवात भरायचे तशी, आणि हिवाळ्यात पाण्यात नत्र आलं की तो साठा मोडून वाढते. आता उन्हाळ्यातच पाणी गढूळ राहिलं, तर साठवणार काय? शिवाय दक्षिणेकडच्या भराभर वाढणाऱ्या जातींना कोमट पाणी मानवतं, ते वेगळंच.

दक्षिण ध्रुवाकडे केल्प नाही, तिथली मोठी शेवाळं वेगळ्या कुळातली. किंग जॉर्ज बेटावरच्या पॉटर कोव्हमध्ये फोरकेड हिमनदी मागे हटली, तशी उघड्या पडलेल्या खडकांवर ती येऊन बसली. तिथंही गाळाचा अडसर आहेच.

हे वाढीव शेवाळ हवेतला कार्बन गिळून टाकील, अशी आशा काहीजण दाखवतात. ती थोडी जपूनच धरावी. लाटांनी तुटलेली पाती काठाशी कुजली, तर कार्बन पुन्हा मोकळा होतो. प्रवाहाबरोबर ती खोल समुद्रात जाऊन गाळाखाली गाडली गेली, तरच तो दीर्घकाळ अडकून राहतो.