पुंगलीचा पूल, कोपरखैरणेचं घर

(दृश्य: कोपरखैरणे, सकाळ. बैठ्या घरांवर चढवलेले मजले, दारात वाळत घातलेले कपडे.)

निवेदन:

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली. सातारा जिल्ह्यातून आलेली माथाडी कुटुंबं नवी मुंबईच्या या पट्ट्यात दाटीनं राहतात. एक भाऊ बाजारात ओझी उचलायला आला, दुसरा पलटणीत गेला, अशी घरं इथं शोधावी लागत नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात.

पलटणीतला भाऊ पेन्शनीवर आला. मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर नोकरी केली. आता तो लेकाकडे, वरच्या खोलीत असतो. आबा आर्मीत होते, एवढं नातवंडांना ठाऊक असतं. कोणत्या पलटणीत, कुठल्या मोर्चावर, असं विचारलं की घरातले एकमेकांकडे बघतात.

यांतले काही आबा विमानातून उडी मारून लढाईत उतरलेले आहेत. ही फिल्म त्यांच्याविषयी आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

(दृश्य: माळ्यावरून उतरवलेली काळी ट्रंक. पांढऱ्या रंगातला नंबर, हुद्दा, नाव.)

11 डिसेंबर 1971. दमदम आणि कलाईकुंडा इथल्या धावपट्ट्यांवरून हवाई दलाची विमानं उठली. डाकोटा, पॅकेट, एएन-12. आत दोन पॅरा, म्हणजे छत्रीनं उतरणाऱ्या सैनिकांची दुसरी पलटण, तिच्या जोडीला तोफखाना, इंजिनिअर आणि वैद्यकीय पथक. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांचं. उतरायचं होतं टांगाईलजवळ, आजच्या बांगलादेशात, आणि घ्यायचा होता लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल. जमालपूर आणि मैमनसिंगकडून पाकिस्तानची 93 ब्रिगेड, म्हणजे अनेक पलटणींची फौज, माघार घेत ढाक्याकडे निघाली होती. ती ढाक्यात पोचली असती तर शहराचा बचाव बळकट झाला असता. म्हणून तिची वाट मध्येच तोडायची होती.

हिवाळ्यातला दिवस मावळतीकडे झुकला असताना उड्या झाल्या. माणसं आणि सामान दूरवर विखुरलं. कुणी शेतात उतरलं, कुणी तळ्यात. आसपासचे गावकरी धावत आले, त्यांनी ओझी वाहिली. त्याच संध्याकाळी पूल हाती आला. रात्री शत्रूनं तो परत घ्यायचा प्रयत्न केला, पण पूल सुटला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून लढत आलेली पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जंगी पलटण, त्यांना येऊन मिळाली. 16 डिसेंबरला ढाक्यात पहिल्यांदा शिरली ती दोन पॅराच. पन्नू यांना महावीर चक्र मिळालं, आणि पलटणीच्या युद्धसन्मानांत पुंगली ब्रिज हे नाव जोडलं गेलं.

एवढं सगळं लिहून ठेवलेलं आहे. ते हरवणार नाही.

तळ्यातून निघाल्यावर ओल्या गणवेशात ती डिसेंबरची रात्र कशी काढली, पहिलं पाणी कुणी दिलं, शेजारच्या खड्ड्यात कोण होतं, तो रात्रभर काय बोलत होता, हे मात्र कुठल्याही दप्तरात नाही. ते आबांजवळ आहे. तेव्हा 22 वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरी ओलांडून गेलाय. पुढच्या सुट्टीत बसू, असं म्हणायची ही वेळ नाही.

(दृश्य: खोली. पलंगावर आबा. समोर सतरंजीवर नात, मांडीवर वही.)

बसायचं ठरलं, तरी पहिला प्रश्न बहुतेक घरांत एकच येतो. आबा, युद्धाबद्दल सांगा ना. मग आबा सांगतात तेच, जे त्यांनी शाळेच्या झेंडावंदनाला सांगितलेलं असतं. देश, पलटण, विजय. ते खरंच असतं. पण ते शाळेसाठी तयार झालेलं असतं, आणि घराच्या वाट्याला वेगळं काहीतरी यायला हवं.

म्हणून आम्ही उडीपासून सुरुवात करायला सुचवतो.

उडीचा एक ठरलेला क्रम असतो. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये तो अंगात उतरेपर्यंत घोटून घेतात. पाठीवर मोठी छत्री, छातीवर राखीव छत्री. उठायचं. पट्ट्याचा हुक विमानातल्या तारेला अडकवायचा, म्हणजे बाहेर पडताच छत्री आपोआप ओढली जाते. पुढच्याचा साज तपासायचा, मागचा आपला तपासतो. दाराकडे सरकायचं. लाल दिवा. हिरवा दिवा. नावं, तारखा विसरलेला माणूसही हा क्रम विसरत नाही, कारण तो डोक्याआधी हातापायांनी शिकलेला असतो. तेव्हा प्रश्न त्याच क्रमानं विचारा.

आबा, विमान कुठलं होतं? डाकोटाला दार एकाच बाजूला. पॅकेटला मागच्या भागात दोन्ही बाजूंना. तुम्ही कुठल्या दारातून गेलात? पुढं कोण होतं? तुमचा पट्टा कुणी तपासला? बाहेर पहिलं काय दिसलं? पाय कशात टेकले, चिखलात, पाण्यात, की कापलेल्या भाताच्या बुडख्यांत? छत्री गोळा केली की तशीच टाकली? अंधार पडला तेव्हा आपली माणसं कशी ओळखलीत?

(इथे आबांचा आवाज. निवेदन थांबेल. संगीत नाही.)

आता थोडं व्यवहाराचं. मोबाइल विमान मोडवर टाका आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, दुमडलेल्या चादरीवर ठेवा. पंखा बंद करा. आपल्याकडच्या उकाड्यात हे जड जातं, म्हणून पहाटे बसा, कुकर आणि मिक्सर लागायच्या आधी. सुरुवातीला तारीख, जागा आणि खोलीत कोण कोण आहे ते मोठ्यानं म्हणा. एका वेळी अर्धा तास पुरे. फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा. मोबाइल बदलताना आवाज गेला, असं फार घरांत झालेलं आहे.

आबांची भाषा सरळ करू नका. ते साताऱ्याच्या बोलीत सुरू होतील, मध्येच फौजी हिंदीत जातील. लंगर (जेवणघर), पिट्टू (पाठीवरची पिशवी), कोत (हत्यारांची खोली) हे शब्द तसेच लिहा आणि समासात अर्थ टिपा. आणि मधे कुणी म्हणू नये की मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं. माणूस तिथंच मिटतो.

आठवण आणि नोंद जुळत नाही तेव्हा काय करायचं? टांगाईलच्या उडीचा म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांत जो फोटो छापला गेला, तो टांगाईलचा नव्हताच. आधीच्या एका सरावातला होता. आकाशभर छत्र्या बघून परदेशी पत्रकारांना वाटलं, अख्खी ब्रिगेड उतरली. उतरली होती एक पलटण आणि तिच्यासोबतची पथकं. तोच फोटो पुढं घराघरांत भिंतीवर लागला असेल आणि आबांनी त्यात स्वतःला शोधलंही असेल. म्हणजे छापलेलं चुकू शकतं, तसं आठवलेलंही चुकू शकतं. आबा म्हणाले ते जसंच्या तसं ठेवा. नोंद काय सांगते ते दुसऱ्या पानावर लिहा. दोन्ही पानं नातवंडांना मिळू देत.

(दृश्य: ट्रंकेतल्या वस्तू. डिस्चार्ज बुक, पूर्वी स्टार हे 1971 च्या पूर्व आघाडीचं पदक, अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा.)

पदक घासून चकचकीत करायला जाऊ नका. ते उलटं करून, कडेनं नीट बघा. नंबर, हुद्दा आणि नाव तिथं कोरलेलं सापडेल. फोटोची मागची बाजूही फोटोइतकीच महत्त्वाची, तिचंही छायाचित्र घ्या. पत्रांवर मात्र गावाचं नाव शोधू नका. पूर्वेकडच्या फौजेचा पत्ता मार्फत 99 एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय, एवढाच असे. जवान कुठं आहे ते पत्रावरून कळू नये, यासाठीच ती व्यवस्था होती.

पण ज्या बाईच्या हातात ते पत्र पडायचं, तिला काय कळत होतं? आजीला कुणी विचारत नाही. आपला माणूस जिवंत असल्याचं तिला कधी आणि कशावरून समजलं? गावात रेडिओ कुणाकडे होता? तारवाला गल्लीत वळला तर बायका काय करायच्या? त्या दोन आठवड्यांत घरातलं कोण आजारी होतं, रानात कुठलं काम अडलं होतं? ते युद्ध या घरात आजीनंच काढलं, आणि तिची आठवण बहुधा आबांच्या आठवणीपेक्षा नेमकी निघते. तिला वेगळं बसवा. आबा खोलीत असले की ती त्यांच्याकडे बघून बोलते.

(इथे आजींचा आवाज.)

दोन पॅरा ही आधीची तिसरी मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. दुसऱ्या महायुद्धात याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 रोजी एकट्यानं शत्रूच्या मशिनगनवर चालून गेले आणि तिथंच पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं गाव इथून फार लांब नाही, रायगडातल्या माणगाव तालुक्यात. सन्मानपत्रात त्यांच्या शेवटच्या काही मिनिटांचं वर्णन आहे. त्याआधीच्या 22 वर्षांबद्दल ते स्वतः काय म्हणाले असते, हे ऐकायची सोय कुणालाच नव्हती. पुंगलीहून परत आलेल्यांच्या बाबतीत ती सोय आपल्या हातात, खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

(दृश्य: नातीच्या वहीचं पान. एकाखाली एक नावं.)

बोलता बोलता आबा एखाद्या सोबत्याच्या नावाशी अडखळतील. तो परत न आलेला असेल. तिथं पुढचा प्रश्न टाकू नका. ते थांबले तर मोबाइल बंद करा आणि चहा ठेवा. त्यांना वाटलं तर आणखी कधी ते आपणहून सांगतील.

पण नाव लिहून घ्या. गाव, तालुका, पलटणीतली कंपनी, आबांना आठवेल तेवढं. त्या सोबत्याच्या घरी एक तार गेली असेल, पुढं पेन्शनीचे कागद गेले असतील. आदल्या रात्री तो काय जेवला, विमानात कुणाच्या शेजारी बसला होता, कुणाची थट्टा करत होता, हे त्याच्या बहिणीला किंवा पुतण्याला कुणी सांगितलेलं नसेल. आबांची संमती घेऊन तेवढा तुकडा वेगळा काढा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत फोन लावा, घर शोधा, आणि तो आवाज त्यांच्याकडे पोचवा. शक्य असेल तर आबांना सोबत घेऊन जा.