चागोसचा तह आणि 21 दिवस

[लंडन. हाउस ऑफ लॉर्ड्स, ब्रिटिश संसदेचं वरचं सभागृह. लाल बाकं. सदस्य उठून दारांकडे निघालेले.]

30 जून 2025. मतविभाजन सुरू आहे. ठराव विरोधी बाकांवरच्या लॉर्ड कॅलनन यांचा, आणि मागणी एवढीच की चागोस बेटं मॉरिशसला देणारा हा तह मंजूर होऊ नये. ठरावाच्या बाजूचे एका लॉबीत जातात, विरोधातले दुसऱ्या. मोजणी होते. बाजूनं 185, विरोधात 205.

वीस मतांनी ठराव पडला. आणि गंमत अशी, की तो जिंकला असता तरी सरकारला थांबावं लागलंच असतं असं नाही. ते कसं, ते पुढे येईलच.

[नकाशा. मुंबईपासून खाली सरकणारी रेघ.]

मुंबईहून नाकासमोर दक्षिणेला निघालं, की साधारण 2,900 किलोमीटरवर दिएगो गार्सिया लागतं. चागोस द्वीपसमूहातलं हे सगळ्यात मोठं बेट. भोवती पसरलेली लहानमोठी मिळून एकूण साठेक बेटं. मॉरिशस इथून 2,000 किलोमीटरहून जास्त दूर, तरी कारभार तिथूनच चालायचा. 1814 च्या पॅरिस तहात मॉरिशस फ्रान्सकडून ब्रिटनकडे गेलं, त्याबरोबर ही बेटंही गेली.

[जुनं कृष्णधवल चित्रीकरण. नारळाच्या बागा, खोबरं वाळत घातलेलं, बेटावरचं चर्च.]

इथं माणसं राहत होती. आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, काही भारतातून गेलेल्या मजुरांचे. बोली क्रिओल, धंदा खोबऱ्याचा. घाण्याला गाढवं जुंपलेली. ती गाढवं लक्षात ठेवा. त्यांचे वंशज आजही बेटावर मोकाट फिरतात.

[लँकेस्टर हाउसची इमारत. सप्टेंबर 1965 मधली छायाचित्रं.]

आता साठ वर्षं मागे. मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी लंडनमध्ये चालू आहेत. एका बाजूला ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन, दुसऱ्या बाजूला मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम. 23 सप्टेंबरला दोघं भेटणार, त्याआधी विल्सन यांच्यासाठी एक टिपण तयार होतं. त्याचा मतलब असा: रामगुलाम यांना आशेनं घाबरवायचं. आशा ही, की स्वातंत्र्य मिळेल. भीती ही, की चागोसवर शहाणपणानं वागला नाहीत तर मिळणारही नाही.

8 नोव्हेंबर 1965. चागोस मॉरिशसपासून तोडलं गेलं आणि सेशेल्सकडची तीन बेटं जोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत उभी राहिली. जगभरच्या वसाहती सुटत होत्या, त्या काळात. मॉरिशसच्या हातावर 30 लाख पौंड ठेवले. हे सगळं झालं राणीच्या नावानं काढलेल्या एका हुकमानं. कायदा नाही, विधेयक नाही, मतविभाजन नाही.

पुढच्या वर्षी 30 डिसेंबरला अमेरिकेशी व्यवहार झाला. तोही तहाच्या रूपात नाही, तर दोन सरकारांनी एकमेकांना दिलेल्या पत्रांच्या रूपात. बेट पन्नास वर्षांसाठी लष्करी कामाला. उघड भाडं शून्य. आतून मात्र पाणबुडीवरून डागायच्या अमेरिकी पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या हिशेबात ब्रिटनला 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट. ही सूट अमेरिकी काँग्रेसपुढे उघड झाली 1975 साली. ब्रिटिश खासदारांना ती कोणी सांगितली नव्हती.

[टंकलिखित कागद. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.]

आणि हा कागद. 1966. ब्रिटनचे बडे अधिकारी आपसात लिहितात: तिथं मूळ रहिवासी म्हणून फक्त समुद्रपक्षी उरतील, आणि त्यांची अजून कुठली समिती नाही.

[जहाज. बोटीतून उतरणारी माणसं. निवेदन नाही.]

1968 ते 1973. दीड ते दोन हजार माणसं बेटांवरून हाकलली गेली. 1971 च्या हुकमानं परवान्याशिवाय बेटावर पाऊल ठेवणं गुन्हा ठरलं. बेटावरची कुत्री मारली गेली.

[पोर्ट लुई. बंदरामागच्या वस्त्या. मग इंग्लंडमधलं क्रॉली, विमानतळाजवळचं गाव.]

काही मॉरिशसच्या बंदराजवळच्या वस्त्यांत उतरले, काही सेशेल्सला. 2002 साली ब्रिटिश नागरिकत्वाचा मार्ग खुला झाल्यावर बरेच जण इथं, क्रॉलीत आले. 2000 साली लंडनच्या हायकोर्टानं हकालपट्टी बेकायदा ठरवली. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी निकाल मानला. चार वर्षांनी पुन्हा राणीच्या हुकमांनी, संसदेला बगल देऊन, परतीचा रस्ता बंद झाला. 2008 साली लॉर्ड्सच्या न्यायपीठानं ते हुकूम तीन विरुद्ध दोन मतांनी टिकवले. 2019 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तेरा विरुद्ध एक मतानं सांगितलं, की मॉरिशसची फाळणीच कायदेशीर नव्हती आणि ब्रिटननं कारभार लवकरात लवकर आवरावा. मत सल्ल्यापुरतं होतं, पण त्यानंतर ब्रिटनच्या पायाखालची वाळू सरकायला लागली. 2022 मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या.

[22 मे 2025. हायकोर्टाबाहेरची गर्दी. फलक.]

सहीचा दिवस. पहाटे अडीचच्या सुमाराला न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला. अर्ज करणाऱ्या दोघी बायका बेटावर जन्मलेल्या, आता ब्रिटिश नागरिक. आम्हाला विचारल्याशिवाय सही नको, एवढंच त्यांचं म्हणणं. दुपारी हुकूम उठला. काही वेळातच पंतप्रधान स्टार्मर यांनी सही केली. समारंभ पडद्यावर, एका टोकाला लंडन, दुसऱ्या टोकाला पोर्ट लुई. पलीकडे पंतप्रधान नवीन रामगुलाम, शिवसागर रामगुलाम यांचे चिरंजीव.

[तहाची प्रत. पानं उलटतात.]

चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे. दिएगो गार्सियावरचा अमेरिका-ब्रिटनचा लष्करी तळ 99 वर्षं ब्रिटनकडे, पुढे 40 वर्षांची सोय. त्यापोटी वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड. चागोशियनांसाठी 4 कोटी पौंडांचा निधी, आणि तो चालवणार मॉरिशस.

आता ही प्रत संसदेच्या पटलावर जाते. इथून घड्याळ सुरू होतं.

[बिग बेन. कॉमन्सची, म्हणजे खालच्या, निवडून आलेल्या सभागृहाची हिरवी बाकं.]

ब्रिटनमध्ये तह करणं हा राजाचा अधिकार, म्हणजे व्यवहारात सरकारचा. संसदेचा त्यात शिरकाव तसा अलीकडचा. 1890 साली हेलिगोलँड बेट जर्मनीला देताना सरकारनं त्यासाठी कायदा करून घेतला. बेटावरच्या लोकांना तेव्हाही विचारलं नव्हतं. मग पहिलं महायुद्ध, गुप्त तहांचा बोभाटा, आणि 1 एप्रिल 1924. तुर्कस्तानशी झालेल्या तहावर चर्चा चालू असताना मजूर पक्षाचे उपमंत्री आर्थर पॉन्सन्बी यांनी जाहीर केलं, की यापुढे प्रत्येक तह 21 दिवस पटलावर राहील आणि मगच मंजूर होईल. हा नुसता शब्द होता, कायदा नव्हे. तो शब्द 86 वर्षं पाळला गेला, म्हणजे बहुतेक वेळा. 2010 साली त्याचा कायदा झाला.

त्या कायद्याची चाल अशी. 21 दिवस मोजायचे ते दोन्ही सभागृहांच्या बैठकीचे. सुट्ट्या धरायच्या नाहीत. त्या मुदतीत कोणी हरकतीचा ठराव केला नाही, तर सरकार मोकळं. लॉर्ड्सनी हरकत घेतली, तर मंत्र्यांनी कारणं देणारं निवेदन ठेवायचं आणि पुढे जायचं. म्हणून ते 185 मतांचं कौतुक बेतानं करायचं. कॉमन्सनी हरकत घेतली, तर मात्र पुन्हा 21 दिवस, पुन्हा हरकत, पुन्हा 21 दिवस. कागदावर कॉमन्स तह कायमचा अडवून धरू शकतं. पण हरकत घ्यायला मतदान हवं, मतदानाला वेळ हवा, आणि सभागृहाचा वेळ असतो सरकारच्या हातात. 2010 पासून या मार्गानं एकही तह अडलेला नाही.

[दिल्ली. सर्वोच्च न्यायालयाचा घुमट.]

इथं जरा घरचं उदाहरण. पश्चिम बंगालमधल्या बेरुबाडीचा तुकडा पाकिस्तानला द्यायचं नेहरूंनी 1958 साली मान्य केलं. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. 1960 साली न्यायालयाचं मत लिहिलं ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, मूळचे साताऱ्याचे. देशाची जमीन द्यायची तर साधा कायदा पुरणार नाही, घटनादुरुस्ती लागेल. म्हणून नववी घटनादुरुस्ती झाली, आणि बांगलादेशाशी गावांची अदलाबदल करताना 2015 साली शंभरावी. आपल्याकडे एरवी तह संसदेपुढे ठेवायचं बंधन नाही, हेही खरं. पण जमिनीचा प्रश्न आला, की दोन तृतीयांश मतं गोळा करावी लागतात.

[लॉर्ड्सची समिती. लांब टेबल, फाइली, पाण्याचे ग्लास.]

लंडनला परत. आंतरराष्ट्रीय करारांच्या समितीनं घाईघाईत साक्षी घेतल्या. अध्यक्ष लॉर्ड गोल्डस्मिथ. 2004 साली राणीच्या हुकमांनी परतीचा रस्ता बंद झाला, तेव्हा हेच सरकारचे महान्यायवादी होते. समितीनं शंका मांडल्या, पण शेवटी म्हणणं असं, की तह नाकारला तर मॉरिशस पुन्हा न्यायालयांचे दरवाजे ठोठावेल आणि तळाचं भवितव्य टांगणीला लागेल.

30 जूनच्या चर्चेत विरोधकांनी दोन गोष्टी लावून धरल्या: पैसा आणि मॉरिशसवर चीनची छाया पडण्याची भीती. चागोशियनांचं नावही वारंवार आलं, कधी मनापासून, कधी हाताशी आलेला मुद्दा म्हणून. ज्या हुजूर पक्षाच्या सरकारनं 2022 मध्ये वाटाघाटी सुरू केल्या, तोच आता ठराव मांडत होता.

आणि कॉमन्स? निवेदनं झाली, प्रश्न झाले. तहावर मतदान झालं नाही. 3 जुलैला मुदत संपली.

[विधेयकाचं मुखपृष्ठ.]

तरीही सरकारला संसदेकडे यावंच लागलं. तह दोन देशांत होतो, पण त्यानं देशातला कायदा बदलत नाही. नागरिकत्व, वसाहतीचा कारभार, तळावरचे नियम यांसाठी विधेयक हवं. ते जुलैत आलं, सप्टेंबरमध्ये दुसरं वाचन. 20 ऑक्टोबरला कलमवार चर्चा आणि तिसरं वाचन एकाच दिवशी उरकलं. मग विधेयक लॉर्ड्सकडे. तिथं अखेर एका समितीवर चागोशियनांची मतं मागवायचं काम सोपवण्यात आलं. तहावर सही होऊन तेव्हा महिने लोटले होते.

[विमानातून दिसणारं दिएगो गार्सिया. धावपट्टी. मग उत्तरेकडची रिकामी बेटं.]

तह लागू झाला, तर दिएगो गार्सियावर वस्ती नाही. बाकीच्या बेटांवर लोकांना वसवायची मॉरिशसला मुभा आहे, सक्ती नाही. गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी देणाऱ्या त्या देशात, पोर्ट लुईच्या सभागृहात हा विषय जाईल. क्रॉलीत राहणाऱ्या चागोशियनांचा खासदार मात्र बसतो वेस्टमिन्स्टरला.