भूकंपानंतर ज्वालामुखीच्या उतारावरील भेग कशी मोजावी

नमस्कार. एटना ज्वालामुखीविषयीच्या आधीच्या भागाखालील प्रतिक्रियांत अनेकांनी विचारले आहे की, रस्त्याला पडलेल्या भेगेला टेप लावून रुंदी लिहून घेतली की झाले, त्यासाठी भूवैज्ञानिकांचे पथक कशाला हवे?

आधी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २६ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इटलीच्या सिसिली बेटावर एटनाच्या आग्नेय उतारावर ४.९ महत्तेचा भूकंप झाला. नाभी, म्हणजे जमिनीखाली जिथून धक्का सुरू झाला ती जागा, एक किलोमीटरपेक्षाही कमी खोल असल्यामुळे एवढ्या मध्यम धक्क्यानेही फियांदाका प्रस्तरभंगावर (प्रस्तरभंग म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात अशी भूगर्भातील फट) सुमारे आठ किलोमीटर लांबीची जमीन फाटली. स्थाननोंद, छायाचित्र आणि शेजारी मोजपट्टी या प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत. तरीही मोजपट्टीच्या जागी स्वतःचा बूट ठेवून काढलेली छायाचित्रे मला अजून येत असतात.

आता मुख्य मुद्दा. भेगेची रुंदी म्हणजे जमिनीचे सरकणे नव्हे. फुटलेल्या डांबराच्या दोन्ही कडा नीट पाहिल्या, तर एका कडेवरील टोक दुसऱ्या कडेवरील नेमक्या खाचेत बसणारे असते. ती जोडी शोधून त्या दोन बिंदूंमधील अंतर आणि दिशा मोजायची असते. समजा, भेग सहा सेंटीमीटर उघडली आहे आणि पलीकडची बाजू आठ सेंटीमीटर उजवीकडे गेली आहे, तर समपातळीवरील खरे सरकणे दहा सेंटीमीटर आहे. केवळ रुंदी लिहिणाऱ्याच्या वहीत मात्र सहाच उरतात. (पलीकडे जाऊन पाहिले तर तेच सरकणे डावीकडे दिसेल, असे एका प्रेक्षकाने ठासून लिहिले आहे. तसे होत नाही. कोणत्याही बाजूला उभे राहिलात, तरी समोरची बाजू उजवीकडेच गेलेली दिसते.)

हाच घोटाळा लाव्हाच्या दगडांनी रचलेल्या बांधांवर होतो. खडबडीत, सुट्या ढेकळांच्या लाव्हावर बारीक भेगा दिसतच नाहीत, त्यामुळे बांध आणि भिंती यांवर भिस्त ठेवावी लागते. परंतु हादऱ्याने उताराकडे ढासळलेल्या बांधाचे दगड मोजले, तर मोजमाप प्रस्तरभंगाचे न होता पडझडीचे होते. बांधाचा पायथा जागेवर आहे का आणि भेग बांधाच्या दोन्ही अंगांना जमिनीत पुढे जाते का, हे पाहिल्याशिवाय टेप काढू नये.

तिसरी अडचण खास एटनाची आहे. तेथील पूर्व उतार समुद्राकडे सरकत असतो आणि काही प्रस्तरभंग भूकंप न होताही हळूहळू हलत राहतात. त्यामुळे जुन्या भिंतीतील वाक हा भिंत बांधल्यापासूनच्या सर्व हालचालींची बेरीज असू शकतो, तर अलीकडे रंगवलेल्या रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीतील तुटकपणा फारच थोड्या काळातला असतो. दोन्ही आकडे एकाच रकान्यात भरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

भूकंपानंतरही सरकणे चालू राहू शकते, म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून त्यांच्यातील अंतर पुन्हा पुन्हा मोजतात. रस्ता दुरुस्त झाला किंवा पावसाने माती वाहून आली, की जोडीचे बिंदू कायमचे जातात, त्यामुळे पथक पहिल्याच दिवशी निघते. वहीत आकड्याशेजारी तारीख आणि वेळ नसेल, तर तो आकडा मी नकाशावर घेत नाही.