तासांची मागणी फेटाळली, त्यानंतर

सभेला आलेल्या आईबाबांनो, मुलासाठी कामाची वेळ बदलून मागितली आणि कंपनीने नाही म्हटलं, तर पुढे काय करायचं ते पाहू. आधी एक गैरसमज बाजूला ठेवू: अशी सोय देणं कंपनीला कायद्याने भागच आहे, हा. ब्रिटनमधल्या स्विंडनला गेलेला चुलतभाऊ सांगतो, ‘आमच्याकडे कंपनीला कारण द्यावंच लागतं.’ खरं आहे. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून कामाच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो, दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नकार ठरावीक आठ कारणांपैकीच असावा लागतो. पण तिथेही हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. आपल्याकडे खासगी नोकरीत मूल आहे म्हणून वेळ बदलून मागायचा तेवढाही सरसकट हक्क नाही. म्हणून वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा पणजीच्या ऑफिसात ‘कायद्याने द्यावंच लागेल’ असं लिहिलंत, की समोरचा एचआर निश्चिंत होतो.

काही गोष्टी मात्र हक्काच्या आहेत. त्या विनंतीच्या पत्रात मिसळू नका, वेगळं पत्र द्या. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी कामाच्या दिवसात दोन मधल्या सुट्ट्या मिळतात, त्याही नेहमीच्या विश्रांतीशिवाय. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याचं कलमही आहे, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि कंपनी व आई या दोघांचं जमलं तरच. यातली हक्काची गोष्ट नाकारली तर श्रम खात्याकडे लेखी तक्रार करता येते. घरून कामाच्या नकारावर तक्रार टिकत नाही.

आता नकाराकडे येऊ. तोंडी नकार म्हणजे निम्मा नकार. त्याच दिवशी संध्याकाळी चार ओळींचा मेल करा: ‘आज झालेल्या बोलण्यानुसार माझी विनंती अमुक कारणाने मान्य झाली नाही असं मी समजते. वेगळं असल्यास कृपया कळवावं.’ रागाचा शब्द नको. ‘कंपनीचं धोरण’ असं उत्तर आलं तर धोरणाची प्रत मागा. अनेकदा ती नसते, आणि बोलणं तिथूनच परत सुरू होतं.

बहुतेक अर्ज मागणीच्या ढिलेपणामुळे पडतात. ‘मुलामुळे थोडी सवलत मिळावी’ यात साहेबाला काय मंजूर करायचं तेच कळत नाही. त्याऐवजी लिहा: सोमवार ते शुक्रवार नऊ ते साडेपाचऐवजी साडेसात ते चार, एकूण वेळ तेवढाच, आठ आठवड्यांसाठी चाचणी, त्यानंतर आढावा. चार ते साडेपाचमध्ये येणारं काम कोण पाहणार, त्याचं नाव द्या. मात्र त्या सहकाऱ्याला आधी विचारा. विचारलं नाही तर पहिला विरोध त्याच्याकडूनच येतो.

कारण बघून मागणी वळवा. औषध कंपनीत बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक खेपेच्या उत्पादनाच्या नोंदी, कागदावर तपासायचे असतील तर घरून काम मागणं व्यर्थ आहे. तिथे जागा मागू नका, वेळ मागा. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला वेळ हलवणं कठीण, पण पुढच्या महिन्याचं ड्युटी रोस्टर आधी हातात मिळणं किंवा रात्रपाळी वगळणं जमू शकतं. ‘तुम्हाला दिलं तर सगळेच मागतील’ हे कारण सर्वांत कमकुवत आणि सर्वांत जास्त ऐकू येणारं. त्याला भांडून उत्तर मिळत नाही, चाचणीच्या मुदतीने मिळतं. आणि वेळ बदलण्याआधी कंपनीची बस त्या वेळेला सुटते का ते पाहा. हे विसरून मंजुरी मिळवलेली माणसं महिनाभरात जुन्या पाळीवर परततात.

मिळालेली सोय काढून घेतली तर प्रकरण वेगळं. औद्योगिक संबंध संहितेतल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत असाल तर कामाचे तास बदलण्याआधी तुम्हाला एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागू शकते. सुपरवायझर म्हणून महिन्याला अठरा हजारांपेक्षा जास्त वेतन असेल तर तुम्ही या व्याख्येत बसत नाही.

वडिलांनी अर्ज केला तर ‘घरी बायको आहे ना?’ असं विचारलं जातं. त्यावर घरची कहाणी सांगत बसू नये, वरच्याच पद्धतीने तास मांडावेत. केंद्र सरकारच्या नोकरीत आईला आणि एकट्या वडिलांना वयाने सर्वांत मोठ्या दोन मुलांसाठी, ती अठरा वर्षांखालची असेपर्यंत, संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ऐंशी टक्के. पण तीही मंजुरीनेच मिळते. अर्ज टाकला म्हणून घरी बसलं तर ती अनधिकृत गैरहजेरी ठरते. खासगी नोकरीतही तेच: नकारानंतर स्वतःच लवकर निघायला लागलात तर तुमच्या विनंतीची फाइल बंद होते आणि शिस्तभंगाची उघडते.