छत्तीस तारांचे चाक

चाळीसगावातल्या एका सायकल दुकानात उलटी ठेवलेली सायकल, आणि तिचे फिरणारे मागचे चाक. रिम जिथे ब्रेकच्या रबराला घासते, तिथे मिस्त्री चाक थांबवतो आणि त्या जागेचे निपल, म्हणजे तार रिमला घट्ट धरणारा छोटा नट, पाव फेरा आवळतो. दुकानाच्या भाषेत याला ‘आउट काढणे’ म्हणतात. शर्यतीत उतरणाऱ्या खेळाडूचे हे सरावाचे जड चाक ३६ तारांचे आहे, त्यामुळे एखादी तार तुटली तरी उरलेल्या पस्तीस तारा रिमला बरीचशी सरळ धरून ठेवतात आणि खेळाडू घरी पोहोचतो. शर्यतीच्या वीस-चोवीस तारांच्या चाकाची एक तार गेली, की रिम बहुधा लगेच ब्रेकला अडकते.

खानदेशातल्या रस्त्यांच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे पडलेले असतात. शर्यतीच्या काही हलक्या चाकांवर टायर रिमला डिंकाने चिकटवलेले असते आणि ट्यूब त्याच्या आतच शिवलेली असते. असे टायर रस्त्यात पंक्चर झाले, तर शिवण उसवून ठिगळ लावण्याइतकी सवड कोणाला असते?

जड चाकावर सराव केला की पायांत ताकद येते, असे अनेक जण आग्रहाने सांगतात. ते फारसे खरे नाही. रिमवरचे वजन वेग घेताना जवळपास दुप्पट भासते हे मान्य; पण वेग एकदा स्थिरावला, की सपाट रस्त्यावर खरा अडसर वाऱ्याचा असतो. खेळाडू आणि सायकल मिळून ८० किलो धरले आणि चाके अर्धा किलोने जड असली, तर तासभराच्या खड्या चढाला सुमारे २२ सेकंद जास्त लागतात. पाय तेवढाच जोर लावतात, छातीची धडधडही तेवढीच असते. जड चाकाची कमाई एवढीच, की सराव बुडत नाही. आणि ती कमाई लहान नव्हे.

मात्र शर्यतीच्या आधी काही दिवस हलकी चाके चढवून चाळीसगावजवळचा कन्नड घाट उतरून पाहावा लागतो, कारण कार्बनच्या रिमवर ब्रेक वेगळा लागतो आणि लांब उतारावर सतत दाबून धरल्यास रिम धोकादायकरीत्या तापते. मिस्त्री चाकांबरोबर ब्रेकची रबरेही बदलतो. जुन्या रबरांत ॲल्युमिनियमचे बारीक कण रुतलेले असतात. बोट फिरवले तर ते टोचतात, आणि कार्बनची रिम ते पहिल्याच उतारावर ओरबाडतात.