42 नंबरचा बांध : एका डॅनिश कीटकनाशक कंपनीची गोष्ट

नमस्कार मंडळी. आत्ता स्क्रीनवर जो किनारा दिसतोय ना, तो डेन्मार्कचा पश्चिम किनारा, जटलंडचा. एका अंगाला उत्तर समुद्र, दुसऱ्या अंगाला लिमफ्योर्डची खाडी आणि मधे ही वाळूची चिंचोळी पट्टी, हारबोऊर टांगे. वारा इतका की माइकवर दुसरं काही ऐकूच येत नाही. समुद्र इथली जमीन सारखी खात असतो, म्हणून 1870 च्या दशकापासून पाण्यात आडवे बांध घालत गेले आणि प्रत्येक बांधाला नंबर दिला. इथली माणसं मासेमारीवर जगलेली, 1893 च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी या गावचे 26 मच्छीमार बुडाले होते. म्हणजे समुद्राची भीती काय असते ते या गावाला कुणी शिकवायला नको.

पण 42 नंबरच्या बांधाजवळ पोहायला बंदी आहे ती लाटांमुळे नाही. तिथल्या वाळूत विष आहे.

ते तिथे आलं कसं हे समजून घ्यायचं तर 1938 सालात जावं लागेल, कोपनहेगनला. गुन्नार आंद्रेआसन नावाचा एक इंजिनियर, त्याने एक केमिकल कंपनी काढली, नाव केमिनोव्हा. कंपनी जेमतेम सहा वर्षांची होती, डेन्मार्कवर जर्मनांचा कब्जा होता, युद्ध कधी संपेल कुणाला ठाऊक नाही, आणि अशा वेळी 1944 साली या माणसाने काय करावं, तर आपली कंपनी ऑर्हूस युनिव्हर्सिटीच्या संशोधनासाठी देऊन टाकली. त्यासाठी एक फाउंडेशन उभं केलं, कंपनीचे शेअर्स त्याच्याकडे, आणि कंपनीने कमवायचं, फाउंडेशनने संशोधनाला द्यायचं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं. आपल्याकडे दानशूर माणसं शाळेला खोली बांधून देतात, जमीन देतात, पण हाताने उभी केलेली आख्खी कंपनी देणारा माणूस मला तरी दुसरा आठवत नाही. ही बाजू मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकून ती विसरायला होते.

त्याच 1944 साली जर्मनीत आयजी फार्बेन कंपनीत गेरहार्ड श्राडर हा केमिस्ट एक नवीन कीटकनाशक शोधून काढतो, पॅराथिऑन. हाच श्राडर आधी कीटकनाशकांवर काम करता करता टाबुन आणि सरीनपर्यंत पोचलेला, म्हणजे युद्धातले नर्व्ह गॅस. घराणं एकच, ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस असलेली रसायनं. काम करायची पद्धतही एकच. आपल्या शरीरात एका नसेकडून स्नायूकडे निरोप जातो तो असिटिलकोलीन नावाच्या रसायनातून, आणि निरोप पोचला की ते पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच जखडून ठेवतं. मग निरोप पुसलाच जात नाही, स्नायू थरथरतात, तोंडाला फेस येतो, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती भरून येते. किड्याचं जे होतं तेच माणसाचं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं का देत राहतात, ते यासाठी.

पॅराथिऑन हे नाव तुम्हाला नवीन वाटेल, पण फॉलिडॉल? ते आपल्याकडे गावोगाव माहिती आहे. बायर कंपनीचा तो ब्रँड, याच कुळातला, आणि आपल्या बोलण्यात तर ते औषधाचं नाव राहिलंच नाही, "फॉलिडॉल घेतलं" म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. आमच्या गोठ्यात माळ्यावर एक बाटली असायची, लाल चौकटीची, आजी आम्हाला त्या कोपऱ्यात फिरकूच द्यायची नाही, बाटलीला हात लागला नाही तरी हात धुवायला लावायची.

तर युद्धानंतर केमिनोव्हाने पॅराथिऑन बनवायला घेतलं आणि धंदा वाढला. कारखाना कोपनहेगनजवळ मोलॉव गावात होता. आता असला कारखाना म्हटलं की वास आला, सांडपाणी आलं. शेजारपाजारचे लोक वैतागले, तक्रारी झाल्या, शेवटी 1953 साली कारखाना देशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, या वाळूच्या पट्टीवर, रॉनलँड नावाच्या जागी. इथे वस्ती विरळ, वारा भरपूर, दोन्हीकडे पाणी. वास वाऱ्याबरोबर जाईल, पाणी समुद्रात जाईल. तेव्हाचा हिशोब असाच होता आणि तो फक्त कंपनीचा नव्हता, सरकारचाही होता, कारण उरलेला केमिकल कचरा 42 नंबरच्या बांधामागे वाळूत टाकायला परवानगी मिळालेली होती. 1950 चं दशक आणि 60 ची सुरुवात, एवढी वर्षं तो तिथे पडत गेला. पॅराथिऑन, त्याच्या प्रोसेसमधला गाळ, पारासुद्धा.

वाळू म्हणजे चाळणीच, खाली मुरत गेलं.

इकडे कंपनी मात्र जोरात चालली होती. पॅराथिऑनच्या पाठोपाठ मॅलॅथिऑन, डायमेथोएट (आपल्याकडचे जुने शेतकरी ज्याला रोगर म्हणतात ते), पुढे ग्लायफोसेटचं पेटंट संपल्यावर ते तणनाशकही. केमिनोव्हाचं डोकं इथे होतं बघा. नवीन रेणू शोधायला प्रचंड पैसा लागतो, तो बायर, सिंजेंटासारख्या बड्या कंपन्यांकडे. हे काय करायचे, पेटंट संपलेलं औषध घ्यायचं, ते स्वस्तात आणि चांगल्या शुद्धतेचं बनवायचं आणि जगभर विकायचं. मॅलॅथिऑन मुळात अमेरिकन सायनॅमिडचं, 1950 चं, पण पुढे त्याचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक ही डॅनिश कंपनी झाली, ब्रँड फायफॅनॉन. अमेरिकेत कपाशीवरचा बोल वीव्हिल नावाचा भुंगा संपवायची मोठी मोहीम चालली, त्यात विमानातून फवारलं ते हेच.

मॅलॅथिऑनची एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. किड्याच्या शरीरात गेलं की त्याचं मॅलॉक्सॉन होतं, ते खरं जहाल. पण माणसाच्या शरीरात एक एन्झाइम त्याला आधीच तोडून टाकतं. म्हणून पॅराथिऑनच्या मानाने हे कितीतरी सौम्य. आपल्याकडच्या बाटल्यांवर तो रंगीत चौकोन असतो ना टोकावर उभा केलेला, लाल, पिवळा, निळा, हिरवा, त्यात लाल म्हणजे सगळ्यात जहाल. मिथाइल पॅराथिऑन लाल, डायमेथोएट पिवळा, मॅलॅथिऑन निळा. एकाच घराण्यातली तीन भावंडं आणि तीन रंग. पण कृषी केंद्राच्या काउंटरवर घाईत किती जण तो चौकोन बघतात?

भारतात कंपनी आली, ऑफिस आपल्या मुंबईत आणि कारखाना गुजरातमध्ये पानोलीला, अंकलेश्वरजवळ. आणि इथेच मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास होतो. युरोपात पॅराथिऑन, मिथाइल पॅराथिऑन या शतकाच्या सुरुवातीलाच बाजारातून बाहेर काढले. पण लाल चौकोनातली औषधं भारत, ब्राझीलसारख्या देशांत ही कंपनी विकतच होती. यावर ओरड झाली ती डेन्मार्कमध्येच, तिथल्या लोकांनी, पत्रकारांनी प्रश्न विचारले, की युनिव्हर्सिटीच्या संशोधनाला जातो तो पैसा येतो कुठून? मग कंपनीने जाहीर केलं की 2010 पर्यंत विकसनशील देशांतून ही सगळ्यात जहाल औषधं टप्प्याटप्प्याने काढून घेऊ. आपल्या सरकारने मिथाइल पॅराथिऑनवर बंदी आणली ती ऑगस्ट 2018 मध्ये.

त्याच्या आदल्याच वर्षी, 2017 मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्याचा या कंपनीशी मी अजिबात संबंध जोडत नाहीये. पण पाठीवर पंप, अंगात साधा बनियन, तोंडाला फार तर गमछा, कपाशी डोक्याच्या वर वाढलेली आणि वारा अंगावर येतोय, ही फवारणी ज्याने बघितलीये त्याला कळेल की डेन्मार्कच्या लॅबमध्ये लिहिलेली "हातमोजे घाला, मास्क घाला" ही सूचना आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात कितपत टिकते.

आता कंपनीचा शेवट. फाउंडेशनचा केमिनोव्हावर कब्जा होता तो ऑरिगा इंडस्ट्रीज नावाच्या होल्डिंग कंपनीतून, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे शेअर्स धरून ठेवणाऱ्या कंपनीतून, शेअर बाजारात लिस्टेड. सप्टेंबर 2014 मध्ये ऑरिगाने जाहीर केलं की केमिनोव्हा अमेरिकेच्या एफएमसी कॉर्पोरेशनला विकतोय, कर्ज धरून सुमारे 1.8 अब्ज डॉलर, आणि एप्रिल 2015 मध्ये व्यवहार पूर्ण झाला. एका माणसाने युद्धाच्या काळात दिलेल्या देणगीचं 70 वर्षांनी एवढं झालं. ऑर्हूसमध्ये आज त्या फाउंडेशनच्या पैशातून संशोधन चालतं, युनिव्हर्सिटीसाठी इमारती घेतल्या जातात, आणि तिथे शिकणाऱ्या पोरांना त्याचा फायदा होतो हे नाकारून चालणार नाही.

आणि वाळू? 1981 साली कचरा थोडाफार उकरून काढला, पण खाली मुरलेलं राहिलंच. साधारण 100 टन कीटकनाशक, बहुतेक पॅराथिऑन. 2006 मध्ये सुमारे 20 हजार चौरस मीटर जागेभोवती जमिनीत 14 मीटर खोल पोलादी पत्रे ठोकून भिंत केली, म्हणजे पाझरून समुद्रात जाऊ नये. सफाईसाठी मोठा पैसा मंजूर झाला तो 2020 च्या शेवटी, आणि तो सरकारी तिजोरीतून, म्हणजे डॅनिश लोकांच्या टॅक्समधून. कचरा टाकणं थांबलं त्याला तेव्हा 50 पेक्षा जास्त वर्षं होऊन गेली होती.

रॉनलँडचा कारखाना एफएमसीच्या नावाने चालू राहिला. आपल्याकडे बाटलीच्या मागे बारीक अक्षरात पत्ता आला तो एफएमसी इंडियाचा. केमिनोव्हा हे नाव आता बाटलीवर सापडायचं नाही. 42 नंबरच्या बांधाचा नंबर मात्र तोच आहे, लाटा येतात, बांधाच्या दगडांवर फुटतात, आणि त्याच्या मागे वाळूत ती पोलादी भिंत उभी आहे.