ग्लासगोच्या ढालीवरचा मासा

श्रोतेहो, नमस्कार.

‘हा पक्षी कधी उडाला नाही, हे झाड कधी वाढलं नाही, ही घंटा कधी वाजली नाही, हा मासा कधी पोहला नाही.’ स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात लहान मुलांनाही हे गाणं पाठ असतं. त्यात त्यांच्या शहराच्या बोधचिन्हाचं वर्णन आहे. स्कॉटलंडमध्ये अशा चिन्हांना लॉर्ड लायन या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ग्लासगोला ती १८६६ मध्ये मिळाली. चिन्हातला पक्षी, झाड, घंटा आणि मासा ही चारही सहाव्या शतकातल्या संत मंगोची आठवण. मंगो म्हणजे ‘लाडका’.

मंगो लहानपणी संत सर्फ यांच्या मठात शिकत होता. गुरूंचा पाळलेला रॉबिन पक्षी मुलांच्या हातून मेला आणि आळ आला मंगोवर. त्यानं पक्ष्याला ओंजळीत घेऊन प्रार्थना केली आणि पक्षी जिवंत झाला. पुढे मठातला अग्नी राखायची पाळी त्याची असताना त्याचा डोळा लागला. हेवा करणाऱ्या मुलांनी आग विझवली. मंगोनं हेझलची गोठलेली फांदी मोडून आणली आणि तिच्यातून जाळ काढला. चिन्हाच्या मधल्या ढालीवर मात्र त्या फांदीचा ओकवृक्ष झाला आहे. चिन्हातली घंटाही मंगोच्याच नावाची. ती जुनी घंटा हरवली, म्हणून १६४१ मध्ये शहरानं नवी विकत घेतली.

मला सर्वांत भिडते ती माशाची गोष्ट. राजानं दिलेली अंगठी राणीनं एका सरदाराला दिली. सरदार झोपलेला असताना राजानं ती त्याच्या बोटातून काढली, क्लाइड नदीत फेकली आणि मग राणीला म्हणाला, “अंगठी दाखव, नाहीतर मरणाला तयार हो.” राणी मंगोकडे धावली. आपली चूक तिनं कबूल केली. त्यानं तिला एका शब्दानंही दुखावलं नाही. एका भिक्षूला गळ देऊन नदीवर पाठवलं. पहिलाच सामन मासा लागला आणि त्याच्यापाशी अंगठी सापडली.

हे चिन्ह कधी समोर आलं, तर झाडाच्या बुंध्याशी बघा. तिथे तो सामन उताणा पडलाय, पोट वर, तोंडात सोन्याची अंगठी. ढालीच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत तेही सामनच, आणि त्यांच्याही तोंडात एकेक अंगठी आहे. राणीची अंगठी एकच होती. ग्लासगोनं तिच्या तीन केल्या.